पंधरा मिनिटांचं विमान आणि सुमनच्या माडाचा नारळ

माहे ते प्रास्लिन, अंतर साधारण चव्वेचाळीस किलोमीटर, विमानाला पंधरा मिनिटं. इंटरनेटवर एवढं वाचून मी निर्धास्त झाले, तिथेच चुकले.

सेशेल्सच्या या दोन बेटांवर छोटेसे विमानतळ आहेत. प्रास्लिनला माझी भाची अश्विनी शाळेत शिकवते. तिला सातवा महिना. तिची आई, माझी धाकटी बहीण सुमन, आता नाही. म्हणून ओटी भरायला मी निघाले, पोलादपूरच्या परसात सुमनने लावलेल्या माडाचा नारळ घेऊन. अश्विनीच्या ओटीत तोच घालायचा होता.

मुंबईपर्यंत गाडी केली. ड्रायव्हर बबनदादा म्हणाले, "मॅडम, माणगाव सोडलं का मग काय नाय." माणगाव सोडायलाच दीड तास गेला. शाळेत असताना कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी वेळेआधी पोचायची सवय लावली होती, म्हणून विमान मिळालं.

साडेचार तासांनी माहेला उतरले. तिथल्या फॉर्मवर फळं, बिया आणल्यात का, असा प्रश्न. खोटं लिहायचं नाही, हीसुद्धा सिस्टरांचीच शिकवण. लिहिलं, नारळ एक.

"बाई, सेशेल्सला नारळ आणलात?" अधिकारी हसू दाबत इंग्रजीत म्हणाला.

"बहिणीच्या झाडाचा आहे."

"असेल. पण त्यातून कीड येते."

मी अर्धा तास हुज्जत घातली. नारळ गेला आणि त्या नादात प्रास्लिनचं विमानही गेलं. पुढच्या विमानात जागा चार तासांनी. माहेवरच्याच व्हिक्टोरिया बंदरातून तासाभराची बोट असते, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. सामानही बेताचंच न्या. विमान एवढंसं, प्रत्येक बॅग वजन करून घेतात. खालचं निळं पाणी डोळे भरून पाहावं, तोवर उतरलोसुद्धा. लहानपणी दासगावला होडीतून खाडी ओलांडायला याहून जास्त वेळ लागे.

अश्विनी दारातच उभी होती. "मावशे, पंधरा मिनिटांचं ना गं?"

"तू गप्प बस."

नारळ कसा गेला, ते तिला सांगितलं. तिच्याकडून ते कळल्यावर तिच्या घरमालकीणबाई अंगणातले तीन नारळ घेऊन आल्या. एक तर कौतुकाने सोलून, तासून अगदी गुळगुळीत केलेला. बिनशेंडीचा नारळ ओटीत कसा घालणार? वैतागून मीच कोयता घेतला आणि दुसरा शेंडी राखून सोलायला बसले.

अश्विनी हसता हसता रडायला लागली. "आई असती तर तीही अशीच चिडचिड करत सोलत बसली असती."

दिवेलागणीच्या आत ओटी भरली. तिसरा नारळ तिने सोलू दिला नाही. "हा लावणार," म्हणाली.

परत येऊन आता बरेच महिने झाले. माहेच्या विमानतळावर माझा नारळ कुठे टाकला असेल, हे अजून मनातून जात नाही. काल अश्विनीचा फोन आला. मागे तिची लेक रडत होती.

"मावशे, कोंब फुटला. आता खड्ड्यात काय घालू?"

"मूठभर मीठ," मी म्हटलं. "समुद्र शेजारी असला तरी घाल. तुझी आई घालायची."