सिनेमातला बाप आणि आमचे आप्पा

संक्रांतीच्या दुपारी आमच्या सोफ्यावर दोन पुरुष बसले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. एक माझा नवरा, दुसरे त्याचे वडील, आमचे आप्पा. भांडण गाईंवरून होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागे, उंच इमारतींच्या बेचक्यात, घराला लागूनच आमचा गोठा आहे. चार गाई. नवऱ्याचं म्हणणं, गाई आटत चालल्यात, फ्लॅटवाले वासाची तक्रार करतात, तेव्हा त्यांना होसूरकडे मामाच्या शेतावर पाठवू. गाडीही त्याने परस्पर ठरवली होती, दुसऱ्या दिवशी सकाळची. आप्पांचं उत्तर होतं, "सांग त्याला, गोठ्याला हात लावलास तर हात मोडून ठेवीन." हे मला सांगायचं आणि मी त्याला पोचवायचं. मी पुण्याची, आयटीत नोकरी करणारी बाई. सासरी टपालखातं सांभाळावं लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

दोघांना आवडेल म्हणून मी एक जुना, कृष्णधवल इंग्रजी सिनेमा लावला. अमेरिकेतलं मैलोन् मैल कुरण, शेकडो गुरं, घोड्यावर बसलेला बाप. गुरं दिसताच आप्पा सावरून बसले. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अर्ध्या तासात कळलं की त्या सिनेमातल्या मुलालाही बापाची गुरं काढून टाकायची होती.

आप्पांना इंग्रजी येत नाही, आणि मराठीतही त्यांच्या इथलं कानडी मिसळतं. "काय म्हणतोय गं तो? स्वल्प सांग की."

पडद्यावरचा मुलगा म्हणत होता, तू म्हातारा झालास, आता तुला कोणी भीत नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही दमलात, आराम करा, म्हणतोय." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. मग त्या बापाने भिंतीवरची बंदूक काढली आणि पोटच्या मुलावर रोखली. मी तोंड उघडलं तसे आप्पा म्हणाले, "राहू दे. हे समजतं."

त्यांचा आवाज नको इतका शांत होता. चहाचं निमित्त करून मी टीव्ही बंद केला. शेवट काय झाला ते कोणीच विचारलं नाही.

संध्याकाळी किच्चु होतं. इथे संक्रांतीला गाईंना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात आणि पेटलेल्या पेंढ्यावरून उडी मारायला लावतात. वर्षाची पीडा जळते म्हणे. पेंढा थोडासाच पेटवायचा असतो, पण त्या दिवशी आप्पा भाऱ्यावर भारे टाकत राहिले. ज्वाळा माझ्या कमरेपर्यंत आल्या. नवरा दाराशी बसून शेजाऱ्यांना वाटायचा ऊस कोयत्याने तोडत होता.

"आप्पा, पुरे," तो म्हणाला.

"सांग त्याला," आप्पा मला म्हणाले, "गोठा अजून माझा आहे."

तो काही बहिरा नव्हता. त्याने कोयता जोरात हाणला, ऊस दोन तुकडे होऊन उडाला. खाण तशी माती! एरवी मी हे त्याच्या तोंडावर म्हटलं असतं. त्या दिवशी मनातच ठेवलं. आज या अंगणात काहीतरी होणार, असं मला आतून वाटत होतं, आणि दोघांपैकी कोण कोणाला काय करील, एवढाच प्रश्न उरला होता.

आप्पांनी थोरल्या तांबडीला पुढे घेतलं. गाईगुरांचा पहिला धडा नवऱ्याने मला लग्नानंतर लगेच शिकवला होता: दावं मुठीत धरायचं, हाताला गुंडाळायचं नाही. गाय उधळली तर हात घेऊन जाते. आणि ज्यांनी हा धडा त्याला शिकवला, त्या आप्पांनीच दाव्याचे दोन वेढे मनगटाला दिले होते.

ज्वाळेसमोर तांबडी बुजली. मान झटकून वळली आणि सुटली. आप्पा पडले. ती त्यांना फरफटत आगीच्या कडेने नेऊ लागली. नवरा उठून धावला तो कोयता उगारूनच. मला फक्त उगारलेला कोयता दिसला आणि खाली पडलेला बाप. मी किंचाळले. काय म्हणाले ते आजही आठवत नाही.

कोयता दाव्यावर पडला. तांबडी फाटकापाशी जाऊन थरथरत उभी राहिली. नवऱ्याने बापाला काखेत धरून आगीपासून मागे ओढलं.

"दावं गुंडाळलंत? तुम्ही?" तो ओरडला. कितीतरी दिवसांनी तो त्यांच्याशी सरळ बोलत होता.

आप्पांनी उजवा हात पुढे केला. मनगट सोलवटलं होतं. त्यांनी बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यातच थांबली.

"गाई आटल्या नाहीत रे," ते म्हणाले. "माझी मूठ वळत नाही. धार पुरी निघत नाही."

नवऱ्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सरी, ठीक आहे," आप्पा म्हणाले, "उद्या येऊ दे गाडी."

त्याला हवं होतं तेच ते बोलले होते. पण नवऱ्याचा चेहरा असा झाला की जणू त्यालाच कोणी घराबाहेर काढलं. दिवसभर मी आप्पांच्या रागाला भ्याले होते. आता ते मुकाट्याने मुलाचा आधार घेऊन उठले, आणि मला त्याहून जास्त भीती वाटली.