कॅमेऱ्याला घातलेलं गाऱ्हाणं

जवळ ये गो. अशी जवळ सरक. तिकडे पुण्यात बसून हे वाचत असलीस तरी सरक, म्हणजे मला नीट ओरडता येईल. किती दिवस नुसतं येते येते म्हणत्येस? गणपतीला आली नाहीस, शिमग्याला आली नाहीस. आंब्याला तरी येशील म्हटलं, तर पेटीच तिकडे मागवून घेतलीस. अगो, पेटी गाडीत टाकली की पोचते. मावशीला कोण टाकणार गाडीत? तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही तू फोनवरच. रजा मिळाली नाही, ते मला कळतं. रागावत नाही मी. म्हणजे थोडी रागावते. पण त्या वेळी काय झालं ते तुझ्या आईने तुला हसत हसत अर्धंच सांगितलं असणार, म्हणून मी सगळं सांगते.

माझं यंत्रांचं वेड तुला ठाऊक आहे. सातवीनंतर शाळा सुटली, पण स्क्रू फिरवायला कुठे दाखला लागतो? लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांचा रेडिओ बंद पडलेला. मी तो पदराआड लपवून उघडला, आत मुंग्यांनी घर केलेलं, ते झटकलं, आणि बातम्या सुरू झाल्या. तेव्हापासून वाडीतले मिक्सर, इस्त्र्या, टीव्हीचे रिमोट माझ्याकडे येतात. इंग्रजी मी शिकले ती मोबाईलच्या सेटिंगमध्ये शिरून. काही बिघडलं की परत मागे यायचं. असं करत करत आले इथवर.

आणि गेम! जयगडच्या पोर्टातल्या एका कुटुंबाची बदली झाली, त्यांनी जाताना टीव्हीला जोडायचा तो गेमचा डबा विकायला काढला. आमचे हे पोर्टातच कामाला, त्यांच्या कानावर आलं. घरी येऊन चेष्टेत म्हणाले, "घेऊ काय तुला?" मी म्हटलं, "घ्या." त्यांचं तोंड बघायला हवं होतंस. पन्नाशी उलटलेली बायको नाकावर चष्मा ठेवून ट्रक चालवत्ये, हे त्यांना अजून लोकांना सांगवत नाही.

ट्रकचाच गेम आवडतो मला. गोळ्या घालायचे, राक्षस मारायचे, त्यात जीव रमत नाही. ट्रक भरायचा, परक्या मुलखातून न्यायचा, माल उतरवायचा. रस्ते असे की पोटातलं पाणी हलणार नाही. बर्फ पडतो, दोन्ही बाजूंना उंच उंच झाडं, आणि मी एकटी. कुणी हाक मारली तर रिमोटच्या एका बटणाने सगळं जागच्या जागी थांबवता येतं, पण मी तसं करत नाही. मी ट्रक कडेला घेते, इंजिन बंद करते, मग उठते. भर रस्त्यात गाडी सोडून जायचं माझ्या जिवावर येतं.

आणि हाक तर येतेच. सासूबाई मागच्या दारी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर त्या खाटेवर आहेत. इन्व्हर्टरची लाईन त्यांच्याच खोलीत, म्हणून टीव्हीही तिथेच. त्यांना दिसतं अंधुक, पण कान असे की चुलीवर दूध वर आलं तर त्यांना आधी कळतं. मी ट्रक चालवते आणि त्या खाटेवरून विचारतात, "कुटं पोचलीस गो?" मी म्हणते, "जर्मनीत." त्या म्हणतात, "डुलकी काढू नको. समूरनं गाडी येतंय."

ऐकायला गंमत वाटते. पण बाई गो, त्या पडल्यापासून मी वळणावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. न्हाणीत असले तरी कान बाहेर. अंगावर पाणी ओतताना तांब्या मध्येच थांबवायचा, हाक आली का ऐकायचं, मग पुढचा तांब्या. पुष्कळदा हाक आलेलीच नसते. तरी मी ओल्या पायाने धावते. त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही. दोन बायका कामाला ठेवून बघितल्या. पहिलीला त्यांनी कुलदैवत विचारलं, माहेरची शेती विचारली, आणि शेवटी सांगितलं, "तुजा हात गार हाय, नको लावू." दुसरी दुपारीच निघून गेली, चप्पल घालायलासुद्धा थांबली नाही.

कॅमेरा मी घेतला होता तो वानरांसाठी. कलमांना मोहोर आला की टोळी येते आणि फांद्या मोडून ठेवते. मी खांबावर कॅमेरा बसवला. त्यातून बोलता येतं. फोनवरचं बटण दाबून धरलं की आपला आवाज तिकडे जातो, सोडलं की तिकडचा ऐकू येतो. मी भाकऱ्या थापता थापता फोनमध्ये "हाड! हाड!" करायची. सुरुवातीला पळाली. मग एक मोठा हुप्या कॅमेऱ्याच्या शेजारी येऊन बसला आणि माझं हाड हाड ऐकत चिकू खाऊ लागला. आमचे हे म्हणाले, "तुझा आवाज सवयीचा झाला त्याला. मला झालाय तसा." तेव्हा मी तो कॅमेरा काढला आणि सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेसमोरच्या फळीवर ठेवला. परसात काम करताना त्या दिसाव्यात, एवढंच मनात होतं.

मग तुझ्या आईच्या डोळ्याचं ठरलं. ऑपरेशन रत्नागिरीत झालं, तिच्या शेजाऱ्यांनी गाडीने संगमेश्वरला घरी नेऊन सोडलं. ती एकटी. डोळ्यात थेंब घालायचे, वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. आणि मला एकदम असं वाटलं की मी जायचंच. एक दिवस आणि एक रात्र. थेंब घालायला शेजारीण होती, खोटं कशाला बोलू? मला ती रात्र हवी होती. बहिणीशेजारी अंथरूण टाकायचं, बोलत बोलत झोपायचं, आणि कुणाची हाक येणार नाही म्हणून गाढ झोपायचं. बाकी मला काही नको होतं.

आमचे हे म्हणाले, "जा की. संध्याकाळी मी लवकर येतो. दिवसा तुझं यंत्र आहे, काकी आहे." काकी म्हणजे आमची शेजारीण, ती दुपारी पेज भरवायला येणार होती. मी सासूबाईंना सगळं समजावलं. "आई, मी उद्या येते. फळीवरनं मी तुमच्याशी बोलेन." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

एसटीत बसले बघ. खिडकीतून नुसता कातळ आणि काजू दिसत होते, पण मला जर्मनीपेक्षा नवं वाटत होतं. निवळी फाट्याला उतरले. तिथून संगमेश्वरची गाडी पकडायची. शेडमध्ये पाचसात माणसं, एक मासेवाली रिकामी पाटी घेऊन बसलेली. मला वाटलं, गाडी येईतो म्हातारी बघून घ्यावी. फोन काढला. खाटेवर उठून बसल्या होत्या. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "आई, पाणी प्यालात का?"

घरात असताना मी हे करून बघितलं होतं. पण तेव्हा माझा आवाज स्वयंपाकघरातूनही यायचा आणि फळीवरूनही, म्हणून त्या हसायच्या. आता स्वयंपाकघर गप्प होतं. सून घरात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि त्या कॅमेऱ्यातून माझा आवाज जाड, घोगरा निघतो, रेंज कमी असली की तुटतो. त्या दचकल्या. फळीकडे बघितलं. हळूहळू पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि गाऱ्हाणं घालायला लागल्या.

तू लहानपणी गावच्या देवळात ऐकलं आहेस. गाऱ्हाणं एकट्याने होत नाही. एकाने देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी होकार भरायचा. होकार भरला नाही तर ते अर्धवट लोंबकळत राहतं.

"बा देवा म्हाराजा, वाडीच्या राखनदारा! आज तू माज्या घरात बोल्लास. माजी सून वाटंला लागलीय, तिच्या वाटंतलं इगीन दूर कर रे म्हाराजा!"

आणि थांबल्या. खोलीत कुणी नाही. हात जोडलेले, मान वर, वाट बघतायत. मला बघवेना. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

त्यांना जोर आला. "एस्टीच्या डायवरला बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेडमधली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"तिच्या भैनीचा डोळा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मासेवालीही माझ्याबरोबर म्हणाली. बाजूच्या आजोबांनीही टोपी सारखी करून सूर लावला. ऐकलं की तोंडातून आपोआप येतंच ना आपल्याकडे!

"आनि तिला दिवेलागनीच्या आत माज्या घरात आन. दुसऱ्याच्या घरात तिला झोप लागू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा.

बटण सोडल्यावर मला कळलं मी काय म्हटलं ते. तिकडे सासूबाईंनी फळीला नमस्कार केला, पाणी प्याल्या आणि आडव्या झाल्या. चेहरा कसा शांत.

मासेवालीने विचारलं, "कोनाचं गाऱ्हानं गो बाय?"

"माझ्या सासूचं."

"आनि सून कोन?"

"मी."

तिने पाटी उलटी करून झटकली. "मग तुला परत जावंच लागनार. येवड्या मान्सांनी व्हय म्हटलंय."

मी तिला सांगू पाहिलं की तो कॅमेरा आहे, त्यात देव नाही, मीच तो बसवलाय, त्याचे स्क्रूसुद्धा माझ्या हातचे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय तर तूच म्हनलीस ना?"

संगमेश्वरला गेले मी. तुझ्या आईने एका उघड्या डोळ्याने मला बघितलं आणि विचारलं, "पिशवी एवढीशी कशी? राहणार नाहीस?" मी सांगितलं. ती इतकी हसली की मला भीती वाटली, डॉक्टरने हसू नको सांगितलं असेल तर! मग तिचं हसू थांबलं. शेजारी दुसरी गादी घालून ठेवलेली होती तिने, नवी चादर, उशीला अभ्रा. मी थेंब घातले, भात टाकला, कुळथाचं पिठलं केलं. जेवून त्या गादीवर जरा टेकले तर डोळे मिटायला लागले. तुझी आईच म्हणाली, "ऊठ बाय. झोपलीस तर जाववणार नाही तुला." तिनेच उठवलं मला. गादीची घडी माझ्या देखत केली नाही तिने, तशीच राहू दिली.

दिवे लागायच्या आत घरी पोचले. सासूबाई म्हणाल्या, "आलीस? देवानं आनली."

मला राग आला होता गो. खरोखरचा राग. मी त्यांच्या पायाला तेल लावायला बसले आणि म्हटलं, "आई, तो देव नव्हता. फळीवरनं मीच बोलत होते. व्हय म्हाराजा मीच म्हटलं."

त्या म्हणाल्या, "यायचं नवतं तर व्हय कशाला म्हनलीस?"

मी दुसरा पाय घेतला. त्या दिवशी मी टीव्ही लावला नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "गाडी काड ना," तरी नाही.

मी कॅमेरा काढलेला नाही. पण आता मला कळलंय की तो लावून मला कुठे जाता येणार नाही. आवाज कितीही लांबून पोचवता येईल, त्यांना हात लागतो. ऊन हात, माणसाचा. तुझा हात ऊन आहे. लहानपणी सुटीत आलीस की तू त्यांच्या कुशीत झोपायचीस, त्या अजून तुझी चौकशी करतात, "ती गोरी पोर येत नाय काय?" म्हणून. तू बसलीस तर त्यांना चालेल. मी विचारलंय त्यांना. "तिला सांग, ये म्हनून," म्हणाल्या.

तुझ्या आईच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदूही आता पिकत आलाय, त्याचं ऑपरेशन लवकरच करायचंय. या खेपेला मला राहायचंय. तेव्हा तू ये गो. रजा टाक, नाहीतर कॉम्प्युटर घेऊन ये, इथलं नेट मी बघते. दोनच रात्री सासूबाईंच्या खाटेशी झोप, बाकी काही करू नकोस. जेवण मी करून ठेवीन. पण उशीर करू नको, लवकर ये.