शेपूट पाहणारे जिभाऊ

जिभाऊ मांजराचं तोंड कधी आधी पाहत नसत, शेपूट पाहत. नवागामच्या कापड कारखान्यात ते माझ्या शेजारचे माग चालवायचे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान पार गेले होते, डोळे मात्र शाबूत. खळ लावलेलं सूत उंदीर कुरतडायचे, म्हणून कारखान्यात मांजर लागायचंच. नवं पिल्लू आलं की जिभाऊ शेपटीवरून त्याचं खानदान सांगायचे आणि आम्ही खो खो हसायचो.

सचिन गावाच्या पलीकडे आमचे गाववाले ऊसतोडीला आले होते. त्यांना भेटायला गेलो, तर सरीत एक पिल्लू दिसलं. बेवारस समजून मी ते उचलून थेट कारखान्यात आणलं. जिभाऊंनी शेपूट बघितली. आखूड, टोकाकडे काळी कडी.

"हाई घरनं नही. रानमांजरनं पिल्लू शे."

घरची मांजरंही रानातूनच आली, पाळलं की माणसाळेल, असं मी त्यांच्या कानाशी ओरडून ऐटीत सांगितलं.

"एक दिनमा?" ते म्हणाले. "आन् घरनी मांजर कोननी पोर शे मंग?"

मी दुधाची वाटी पुढं सरकवली. पिल्लू तर दुधाला तोंडही लावेना.

चालू पाळीत माग सोडून जिभाऊ कधी उठले नव्हते. त्या दुपारी उठले. शेतात निम्मा ऊस अजून उभा होता. त्याच सरीत पिल्लू ठेवून आम्ही लांब बांधावर त्याच्या आईच्या हाकेची वाट बघत बसलो.

"वरडनी का माय?" ते घडीघडी विचारायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं, भिस्त माझ्या कानांवर. उजेड जायला लागला, परतीची रिक्षा चुकेल म्हणून माझा जीव वरखाली. शेवटी म्हणालो, "हो, ओरडली." मी काहीही ऐकलं नव्हतं. जिभाऊ तोंडभर हसले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं, तर सरी रिकामी होती. आईनं नेलं की कुत्र्यानं, कोण जाणे.

पुढं जिभाऊ काम सोडून गावी गेले. घरची मांजर कुणाची पोर, हा त्यांचा प्रश्न मात्र माझ्या मागे लागला. मिळेल ते वाचत सुटलो. दिवाळीत त्यांच्याकडे जाऊन कानाशी ओरडलो: घरची मांजर उसातल्या रानमांजराची लेक नव्हे. तिचे पूर्वज कोरड्या मुलखातली वेगळी रानमांजरं. धान्यावरच्या उंदरांमागे ती आपणहून माणसाजवळ आली म्हणतात.

"म्हंजे चुलत बहिनी!" जिभाऊ खूश झाले. मग माझा हात धरून म्हणाले, "त्या दिन तुले आवाज आयकू उना, बरं जयं. नही ते मी रातभर तठेच बठेल ऱ्हातू."

मी नुसती मान हलवली. खरं काय ते सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि तेवढा आवाज माझ्यात नव्हता.