डबल बेलवाचून

आमच्या सोलापूर गाडीचे ड्रायव्हर खाजाभाई. धिप्पाड माणूस, खर्जातला आवाज. सगळे त्यांना कमांडर म्हणत आणि त्यांना ते आवडेही. कंडक्टर लीलाताई दोन वर्षांपूर्वी आल्या, बारीक आवाजाच्या. मी मास्तर, टेंभुर्णीजवळच्या शाळेतून रोज याच गाडीनं घरी येतो. वर्गातली चाळीस पोरं मला आवरत नाहीत, म्हणून ज्यांचा हुकूम चालतो अशा माणसांकडे मी जरा जळूनच बघतो.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी खाजाभाईंना फोन आला. त्यांची मुलगी माहेनूर बाळंतपणासाठी सोलापूरच्या दवाखान्यात होती. बाळ आडवं आलंय, ऑपरेशन करावं लागेल. गाडी सुसाट निघाली ती ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी येऊन थांबली. फरशीवरून गढूळ पाणी चाललं होतं.

"गुडघाभर हाय. वीस वर्सं जातोय की हितनं," खाजाभाई म्हणाले. "लीलाताई, डबल बेल द्या."

"कडंचे पांढरे दगड दिसंनात, भाई. दिसले की देते."

"पोरगी हाय माझी तितं."

लीलाताईंनी मान खाली घातली, पण घंटीच्या दोरीला हात लावला नाही. मग आम्ही प्रवासी त्यांच्यावर तुटून पडलो. या बाईला काळीज नाही, असं तर मीच म्हणालो. आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

इंजिन चालू होतं, गिअर पडलेला, खाजाभाईंचा पाय क्लचवर होता. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

तासाभरानं पाणी उतरलं. फरशीचा मधला तुकडाच वाहून गेला होता. तेवढ्यात फोन वाजला. नात झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या. खाजाभाई हमसून रडले. माझाही जीव भांड्यात पडला. गाडी वळवून लांबच्या रस्त्यानं आम्ही दिवेलागणीला सोलापूर गाठलं.

चार दिवसांनी खाजाभाईंनी पेढे आणले. पहिला लीलाताईंना दिला.

"भाई, त्या दिवशी तुमी घंटीबिगर गाडी नेली असती, तर मी काय करणार हुते?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय. तुमच्या हातात नुस्ती दोरी," खाजाभाई म्हणाले. "पर एकदा घंटीबिगर गाडी हलली, की पुन्हा तुमचं कोन ऐकणार? मीबी न्हाय."

ते सीटवर जाऊन बसले. लीलाताईंनी सावकाश पेढा संपवला, हात पुसले आणि मग दोरी दोनदा ओढली. तोवर कमांडर वाट बघत होते.