फिनॉलची पहिली बादली

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे म्हशीचं शेण गाळणं. लोक अशा वेळी काहीतरी बरं सांगतात, देवळात गेलो, गोड खाल्लं. आम्ही शेण गाळलं. रविवार होता, कंपनी बंद, वॉचमन ओळखीचा. जोगेश्वरीच्या तबेल्यातून दोन गोणी शेण आणलं होतं. पिंपात पाणी घालून कालवलं. तिने आपलं जुनं लुगडं दुसऱ्या पिंपाच्या तोंडावर बांधलं. मी ओतायचो, ती काड्या वेचायची. काडी गेली की पंप अडकतो.

संपात गिरणी सुटली तेव्हा मला अंधेरीला इस्टेटीत रसायनाच्या एका कंपनीत काम लागलं. चौथी शिकलेला माणूस, मिळालं ते घेतलं. कारखान्याचं घाण पाणी नाल्यात सोडायच्या आधी एका मोठ्या टाकीत यायचं. ती टाकी माझ्याकडे. त्या पाण्यात फिनॉल असायचं. घरात फरशी पुसायला फिनेल वापरतात, वास त्याच जातीचा, पण हे कातडी भाजणारं. कंपनीतला केमिस्ट, पोरगेला, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, हे पाणी मशीन साफ करत नाही. टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, ते करतात. फिनॉलच्या कणाची कडी तोडतात नि खातात. आपण त्यांना फक्त हवा द्यायची." हवा द्यायला टाकीत मोठा पंखा होता, पाणी घुसळणारा. मला वाटलं थट्टा करतोय. पण महिन्याभरात नाकालाच कळायला लागलं. टाकी जिवंत असली की नांगरलेल्या जमिनीचा वास येतो.

ती टाकी मी मारली. गणपतीत कंपनी पाच दिवस बंद होती. उघडल्यावर मला वाटलं, बिचारे पाच दिवस उपाशी, पोटभर देऊ. घाण पाणी टाकीत सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. संध्याकाळपर्यंत तपकिरी गाळ काळा पडून वर आला, कुजका वास सुटला, आणि फिनॉल तसंच्या तसं नाल्यात गेलं. नाल्याकाठच्या झोपड्यांतल्या बाया तिथेच कपडे धुवायच्या. एकीच्या दोन्ही हातांची सालं निघाली. ती गेटवर आली, मला हात दाखवले आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "उपाशी माणसाक कोण मटण वाढता काय ओ? आधी पेज देवची."

केमिस्टही तेच म्हणाला. आधी शेणातून नवे जीव टाकीत सोडायचे, गूळ आणि युरिया घालून वाढवायचे. मग फिनॉल, तेही पहिल्या दिवशी एक बादली. ज्यांना पचेल ते जगतील, त्यांचीच पिल्लावळ वाढेल, मग दुसरी बादली. घाई केली की परत पहिल्यापासून, आणि नाला परत तसाच. काही दिवस तसं वाढवलं; रविवारचं शेण ही शेवटची भर, आणि सोमवारी पहिली बादली द्यायची होती. पण कारखान्यात पाणी साठून काठोकाठ आलेलं. मॅनेजर साहेब म्हणाला, "सोमवारी अर्धा व्हॉल्व्ह उघडा." केमिस्टने वहीत तसं लिहून घेतलं. मी म्हटलं, "मी आहे तोवर एक बादली."

रविवारी गाळताना ती हसत होती. "तुमच्या ह्या जिवांची थेरां माझ्या सासूपेक्षा जास्त."

"माझी आई होती ती."

"म्हणान तर सांगतंय."

संसारात मी तिला कधी चांगलं म्हटल्याचं आठवत नाही. गाळून झाल्यावरही म्हटलं काय, तर "हात धू."

दुपारी घरी जेवलो. ताटं उचलताना छातीत कळ आली म्हणाली. रिक्षात घातली. हॉस्पिटलच्या दारातच डॉक्टरने नाडी बघितली आणि गेल्याचं सांगितलं. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं. उरकलं हा शब्द वाईट आहे, पण तसंच झालं.

सकाळी सहाला मी पँट चढवली. तिचा भाऊ नाहूरहून आला होता, भिंतीला टेकून जागाच होता.

"कुठे निघालात भावोजी?"

"कंपनीत."

"सुतक आहे. राख गरम आहे माझ्या बहिणीची."

"माहीत आहे. मीच अग्नी दिला."

"मग लाज कशी वाटत नाही?"

"मी नाही गेलो तर ते व्हॉल्व्ह उघडतील. परत कोणाचे तरी हात भाजतील."

त्याने तोंड फिरवलं. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

साहेब शिफ्टवाल्याला घेऊन व्हॉल्व्हपाशीच उभा होता. बातमी पोचली असावी. मला बघितलं आणि बाजूला झाला. "तुम्ही कशाला आलात?" म्हणाला. मी बादली भरली आणि पंख्याजवळ मग्याने थोडी थोडी, तासभर ओतली. मग काचेच्या जारमध्ये टाकीतलं पाणी घेऊन ठेवलं. जीव धड असले की अर्ध्या तासात गाळ खाली बसतो, नाहीतर पाणी गढूळच राहतं. शिफ्टवाल्याने स्टूल आणलं. मी बसलो नाही. गाळ खाली बसला, दोन बोटं.

"उद्यापण एकच," मी शिफ्टवाल्याला म्हटलं. "वाढवायची ती मी सांगेन तेव्हा."

तो साहेबाकडे बघायला लागला. साहेब म्हणाला, "काका सांगतात तसं कर."

मग मी घरी गेलो आणि मेव्हण्याच्या शेजारी बसलो. त्याने जागा करून दिली नाही, पण उठूनही गेला नाही.