आईंना लाईटमध्ये दाखव

अन्याय झाला तो माझ्या आईवर. केव्हा, तेही सांगते. गेल्या माघात, माझ्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही नगरच्या कापडबाजारात गेलो त्या मंगळवारी, दुपारचा चहा नुकताच फिरला होता तेव्हा. ज्याने अन्याय केला त्याने आवाज चढवला नाही की कुणाचा अपमान केला नाही. गादीवर मांडी घालून बसलेल्या सेल्समनने मागच्या कपाटाकडे मान वळवली आणि तिथल्या माणसाला सांगितलं, "आईंना लाईटमध्ये दाखव." संपलं.

आमच्याकडे बस्त्याला दोन्हीकडची माणसं मिळून जातात. आम्ही काष्टीच्या अलीकडचे, सासर मिरजगावकडचं. पुरुष भिंतीला टेकून मोबाईल बघत बसतात, बायका पांढऱ्या गादीवर पुढे सरकतात आणि मध्ये साड्यांचा डोंगर वाढत जातो. मला खरं तर हे काही नकोच होतं. दोन हार आणि एक सही, एवढ्यात लग्न उरकायचं माझं ठरलं होतं. मी संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, गावोगाव वाटते. माझ्या लग्नात मानपान म्हणजे माझ्याच पत्रकावर माझीच चपराक. पण आईने एकच अट घातली. "सही कर खुशाल. पर त्याआदी मांडव घालायचा, आन मांडवात रंग पायजेत. बिनरंगाचं लगीन मी बघायची न्हाई." बाकी कशालाच तिने कधी हट्ट केला नव्हता. मी कबूल झाले.

आणि त्या दिवशी गादीवर रंग जुळवत कोण होतं? आईच. माझ्यासाठी तिने राणी रंग काढला आणि त्याला मोरपंखी पदराची साडी शोधायला लावली. रंगाबाबत माझं शिक्षण फलकांवर झालेलं. पिवळ्या कापडावर लाल अक्षर, रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे. मी तसलीच एक ओढली, तर आई म्हणाली, लग्नाला चाललीस का मोर्चाला. तिची पद्धत अशी, की दोन साड्या घडी घालून शेजारी ठेवायच्याच नाहीत. एकीचं अंग पसरायचं, दुसरीचा पदर त्यावर आडवा टाकायचा, जरा मागे सरकायचं आणि डोळे बारीक करायचे. मोठ्या काकूला तिने चिंतामणी निळ्यावर आमसुली काठ दिला. सासूबाईंचं काही केल्या ठरेना. हिरवी घेतात, ठेवतात, परत घेतात. आईने उठून त्यांच्या खांद्यावर डाळिंबी टाकली. सासूबाई आरशात बघत राहिल्या आणि हिरवीचं नाव पुन्हा काढलं नाही. करवल्या, आत्या, मावश्या, सगळ्या रांगेने आईकडेच तोंड करून बसलेल्या. भडक म्हणून कुणी मागे हटली, की आई सांगायची, मांडवात उजेड लई आसतो, तिथं फिकं म्हंजे धुतल्यावानी दिसतं.

मग तिची पाळी आली, आणि तो लाईटमध्ये दाखव म्हणाला.

दुकानाच्या भाषेत लाईट म्हणजे फिका रंग. पण हा शब्द तो रंग बघून बोलला नव्हता, कपाळ बघून बोलला होता. माझे वडील मी कॉलेजात जायच्या आधीच गेले. गादीवरच्या प्रत्येकीला कळलं, आणि एकीनेही मान वर केली नाही. समोर आल्या त्या बिस्किट, बदामी, राखाडी आणि एक तर अशी, की चहात दूध जास्त पडल्यावर होतं तो रंग. जिने पंधरा बायकांना रंगवलं, तिच्यापुढे हा ढीग.

मी उठले आणि बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही; माझ्या सभा ऐकल्या असतील त्यांना अंदाज येईल. नवरा गेला म्हणून बाईचे डोळे जातात का, इथून सुरुवात होती. भिंतीजवळचे मोबाईल खाली झाले. सेल्समन म्हणाला, "ताई, लोकं जे मागतात तेच आमी काढतो." सासूबाई बशीतल्या चहाकडे बघत होत्या. मोठ्या काकूने माझा दंड धरला. "हितं मोर्चा काढू नको. चारचौघांत आईची शोभा करतीस."

आईने वरची बिस्किट रंगाची साडी घडीही न मोडता उचलली. "ही चालंल," म्हणाली. ती बांधली गेली.

परतीच्या वाटेवर काकूने मला समजावलं, आणि तिचं म्हणणं मी प्रामाणिकपणे सांगते, कारण ती काही दुष्ट बाई नाही. मिरजगावची माणसं नवी आहेत, आज तुझ्या आईने भडक घेतलं तर आज कुणी बोलणार नाही, उद्या तुला बोलतील, असं तिचं म्हणणं. तिला भीती माझ्यासाठी होती. पण भीती माझ्या नावाने घालायची आणि साडी मात्र आईने बिस्किट नेसायची, हा कुठला हिशोब?

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. 'रंगाचा अधिकार'. मथळा चांगला होता, अजूनही वाटतं. आई वावरात वांगी तोडत होती, तिथे जाऊन तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने हात न थांबवता सगळं ऐकलं. पाटी भरली तेव्हा कंबर सरळ केली.

"समदं खरं हाय," म्हणाली. "पर एवढी भांडलीस तर मला इचारलंस का, आई, तुला कुठली पायजे?"

मी हातातल्या कागदाकडे बघितलं. त्यात सगळं होतं. रूढी होती, समाज होता, अधिकार होता. रंगाचं नाव कुठेच नव्हतं.

"कुठली पाहिजे?" मी विचारलं.

तिने हनुवटीने समोर दाखवलं. आमच्या वांग्याच्या तुकड्याला चारी बाजूंनी झेंडू लावलेला असतो. किडीला तो आधी दिसावा, वांग्याकडे ती कमी जावी म्हणून. मधोमध लोंबणारी काळपट जांभळी वांगी आणि कडेने ती पेटलेली नारिंगी ओळ. लहानपणापासून मी त्या बांधावरून ये-जा करत आले होते.

"अशी," आई म्हणाली. "तिसऱ्या फळीवर हुती. बसल्यापास्नं दिसत हुती मला. दोघीतिघींच्या नावानं खाली काढाय लावली, पर कुनाला जमली न्हाई."

जमली नाही म्हणजे तूच जमू दिली नाहीस, असं मी म्हटलं. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघीच एसटीने नगरला गेलो. मी तोंड उघडायचं नाही, असं तिने श्रीगोंद्यापासून घोकून घेतलं होतं. सेल्समनने आम्हाला ओळखलं. मला जरा जास्तच ओळखलं असावं, कारण त्याने लगेच पाणी मागवलं. पिशवीतली साडी बघून म्हणाला, बदलून देतो की मावशी, लाईटमध्येच दुसरी बघा.

"लाईटमधी न्हाई," आई म्हणाली. "उनात बघायची हाय."

त्याला वाटलं, मावशीला फिक्या साड्या उजेडात नेऊन बघायच्या आहेत. तो बिचारा बदामी-राखाडीचा गठ्ठा उचलून दाराकडे चालायला लागला. मी ओठ दाबून धरले. आईने त्याला थांबवलं आणि तिसऱ्या फळीकडे बोट केलं. साडी अजून होती. त्याने ती खाली काढली आणि हातातच धरून विचारलं, "कुणासाठी?"

एवढा वेळ जे चाललं होतं ते सगळं या एका प्रश्नापाशी येऊन थांबलं. मावशीसाठी, बहिणीसाठी, काहीही सांगता आलं असतं. आई गादीच्या कडेला उभी होती, चप्पल हातात.

"मला," ती म्हणाली.

तो क्षणभर घुटमळला. भडक होईल, असं पुटपुटला.

"भडकच पायजे."

तिने ती साडी दुकानाच्या पायरीवर नेली. ट्यूबलाईटखाली वांगी रंग काळा दिसत होता, काठ मातकट. उन्हात आल्याबरोबर दोन्ही रंग जागे झाले. आईने पदर हातावर टाकला, मागे सरकली, डोळे बारीक केले. रस्त्याने चाललेली एक अनोळखी बाई थांबली, लग्नाची का म्हणून विचारलं. व्हय, लेकीच्या, असं आईने इतक्या सहज सांगितलं, की जणू रोजच ती पायरीवर उभी राहून वांगी रंग नेसते. ब्लाऊजला तिने कैरीचा हिरवा मागितला. आता माझ्याच्याने राहवेना. जांभळा, नारिंगी, वर हिरवा, हे जरा जास्तच होतंय, मी म्हणाले. फलकावर सुद्धा आम्ही दोनच रंग वापरतो.

"वांग्याला देठ नगं का?" आईने विचारलं.

लग्न वैशाखात, मिरजगावच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात झालं. आई खोलीतून बाहेर आली तेव्हा बायकांच्या माना वळल्या. मोठी काकू तोंडात पिना धरून तिच्याकडे निघाली, आणि मी मनात भाषण तयार केलं. आईने दोन्ही खांद्यांवरून पदर गच्च लपेटून घेतला होता. काठ जवळजवळ दिसतच नव्हता. काकूने तो पदर सोडवला, चापून निऱ्या घातल्या आणि झेंडूचा काठ पुरा बाहेर येईल असा खांद्यावर लावला. "घेतलीस तर दिसू दे की," म्हणाली. माझं भाषण तसंच राहिलं.

सासूबाईंनी तिला खालून वर बघितलं. "विहीणबाई, मला डाळिंबीवर भागवलं आन ही सोताला ठिवली व्हय?" आई म्हणाली, बदलायची का मग, चला आत. दोघींची हसण्याची लाट मागच्या खुर्च्यांपर्यंत गेली. सही मी त्यानंतर केली.

सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. कुंकवाचं ताट फिरवणारी बाई आईपाशी आली आणि तिला ओलांडून पुढे सरकली. मी ते पाहिलं, आईनेही पाहिलं. त्या ताटाशी माझं भांडण बाकी आहे. पण लगेचच ज्येष्ठात आमच्या आळीतली एक वयस्कर, नवरा गेलेली बाई, तिच्याकडे नातवाचं लग्न, दारात येऊन आईला हळूच म्हणाली, नगरला माझ्याबरोबर येतीस का. आई गेली. ती बाई मोरपंखी घेऊन आली. नंतर आई आणखी एकीबरोबर गेली. आता तो सेल्समन आईला बघितलं की आपणहून विचारतो, मावशी, उन्हात बघायची ना?

आता तुमचं काय ते बोला. यंदा तुमच्याही घरात बस्ता असेल. सगळ्यांचे रंग जुळवून देऊन स्वतःला 'कायबी चालंल' म्हणणारी बाई तुमच्या गादीच्याही कडेला बसलेली असेल. तिच्या वतीने बोलायला उठू नका. तिला विचारा, तुला कुठली पाहिजे? आणि 'कायबी' हे उत्तर म्हणून घेऊ नका. हाताला धरून तिला दुकानाच्या पायरीवर आणा, उन्हात, आणि पुन्हा विचारा.