ठाण्याच्या फलकावरचं कात्रण

ती घटना आठवली की आजही शरम वाटते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकजवळच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. एका सकाळी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. मधुमेहाच्या एका बाईने इन्सुलिन बंद करून कसलंसं चूर्ण सुरू केलं होतं. ती बेशुद्ध होती आणि वाचेल याची खात्री नव्हती.

मी जबाब घ्यायला गेलो. तिचा नवरा झेंडूचा बागाईतदार, मोजकं बोलणारा माणूस.

"त्या चूर्णाचं पेपरात आलं व्हतं, साहेब. पण पेपरावर माझा इश्वास नाय. शांतता कमिटीच्या मीटिंगला ठाण्यात आलो, तवा तुमच्या बोर्डावर तेच लावलेलं पाहिलं. मंग सुई बंद केली."

ते कात्रण मीच लावलं होतं. गुन्ह्यांच्या बातम्या आम्ही रोज कापून ठेवायचो. त्या दिवशी चूर्णाने साखर बरी होते ही बातमीही कापली, कारण बंदोबस्त करून करून माझ्या निम्म्या माणसांना साखर जडली होती. ठाण्यात परतल्यावर मी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' असं छापलेलं होतं.

चूर्णवाल्याला चौकशीसाठी बोलावलं. तो निवांत होता. "मी कुणावर बळजबरी केली? गुण आलेल्या माणसाचा फोटो छापलाय, साहेब."

अशा माणसावर ओरडून काही निघत नाही. मी चहा मागवला आणि फोटोतला माणूस राहतो कुठे, एवढंच विचारत राहिलो. आधी तो हरसूल म्हणाला, मग चांदवड. खोटं बोलणाऱ्याला गाव पटकन सुचतं, गल्ली सुचत नाही. फोटोला नात्यातलाच कुणी उभा केला असेल, असं वाटलं; त्याची सासुरवाडी सटाण्याकडची निघाली, म्हणून हवालदाराला फोटो देऊन तिकडे पाठवलं. कांदा बाजारात फोटोतला माणूस सापडला; तो त्याचा मेव्हणाच होता.

"माले कोठे शुगर शे, साहेब? दाजीनी फोटो काढी लिधा."

त्याला साखर कधी नव्हतीच. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. कागदपत्रांत फलकाचा उल्लेख नको, असं वरिष्ठांनी सुचवलं. मी तो तरीही केला. नोकरीभर प्रत्येक साक्षीदाराला मी विचारत आलो, तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस? छापील कागदाला तेवढं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाई शुद्धीवर आली. मी तिच्या जबाबासाठी गेलो. डॉक्टर शेजारीच उभे होते, पण तिने माझ्या वर्दीकडे बघून विचारलं, "साहेब, आता सुई घेऊ का?"

"ताई, मला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. "डॉक्टर सांगतील तसं करा."

मला कळत नाही, हे वर्दीत असताना मी तोवर कधी कबूल केलं नव्हतं. कात्री हातात घेतली तेव्हाच करायला हवं होतं.